विचारल्यावाचून केलेली मदत

त्या रात्री मी एकंदर अकरा दूरध्वनी केले. जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांना, परिचयाच्या एका डॉक्टरांना, राजधानीतील एका ज्येष्ठ वकिलांना आणि मग ज्यांच्याशी सेवेत असताना कधीतरी काम पडले होते अशा आणखी आठ जणांना. पहाटे चारपर्यंत गुन्हा नोंदवला गेला होता, वैद्यकीय तपासणी झाली होती आणि आरोपीच्या शोधार्थ पथकही रवाना झाले होते. प्रशासकीय सेवेत जे काही वजन कमावले होते ते सारे मी आमच्या घरातल्या एका तरुण मुलीसाठी खर्ची घातले. उजाडता उजाडता मला थोडे समाधानही वाटले होते, हे सांगताना आज लाज वाटते. पण ते खरे आहे.

जिच्यासाठी ही सारी धावपळ चालली होती ती पलीकडच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिला मात्र मी काहीही विचारले नव्हते.

हा लेख तिच्या परवानगीने लिहीत आहे. मसुदा तिने वाचला आणि त्यातील दोन परिच्छेद काढून टाकायला सांगितले. ते मी काढले. आमचे नाते, गाव, वर्ष आणि खटल्याचा तपशील येथे देणार नाही. कायद्याचे बंधन आहेच, पण त्याहीपेक्षा, काय सांगायचे आणि काय राखायचे हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. हे समजायला मला बराच काळ लागला.

साताठ महिन्यांनी एका दुपारी ती आपणहून बोलली. "तुम्ही सगळं केलंत, ते मी विसरणार नाही. पण त्या रात्री मला झोपायचं होतं. आईला काय सांगायचं आणि केव्हा, ते मला ठरवायचं होतं. मी तीच हकीकत पाच अनोळखी माणसांना सांगितली, कारण तुम्ही त्यांना बोलावलं होतं. त्यानं मला विचारलं नव्हतं. आणि नंतर तुम्हीही विचारलं नाहीत."

कायद्याची कलमे मला पाठ होती, शासकीय परिपत्रके तर मी स्वतः काढली होती. तरीही या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

इतिहासाने शिकवलेला, मी विसरलेला धडा

मी इतिहासाचा विद्यार्थी. पदव्युत्तर अभ्यासाच्या काळात फाळणीवर बरेच वाचले होते. तिच्या त्या बोलण्यानंतर एक जुने प्रकरण पुन्हा उघडून बसलो.

१९४७ च्या उलथापालथीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना शोधून परत आणण्याचा करार त्याच वर्षी ६ डिसेंबरला भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. भारतात सुमारे ५०,००० मुस्लिम स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३,००० हिंदू व शीख स्त्रिया अशा रीतीने अडकल्या असाव्यात, असा तेव्हाचा शासकीय अंदाज होता. मृदुला साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीव धोक्यात घालून हे काम केले. १९४९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. या कायद्यातील व्याख्या आज वाचताना मन थबकते. १ मार्च १९४७ ते १ जानेवारी १९४९ या काळात कुटुंबापासून दुरावलेली आणि अन्य कोणाकडे राहत असलेली मुस्लिम स्त्री, मग तिचे वय काहीही असो, 'अपहृत' ठरे. मुलग्यांच्या बाबतीत मात्र ही व्याख्या सोळा वर्षांखालील बालकांपुरतीच होती. म्हणजे मुलगा सोळाव्या वर्षी स्वतःचा निर्णय घ्यायला समर्थ ठरत होता. स्त्री कोणत्याच वयात ठरत नव्हती.

पोलिसांना वॉरंटाशिवाय तिला ताब्यात घेता येई. वाद उद्भवल्यास निर्णय न्यायाधिकरण करी. तिला काय हवे, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. १९५२ मध्ये अजायब सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, अशा स्त्रीला ताब्यात घेऊन छावणीत नेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधील अटक नव्हे, असा निर्वाळा दिला. अनेक स्त्रिया या मोहिमेमुळे खऱ्याखुऱ्या नरकातून सुटल्या, यात शंका नाही. पण काहींना आपली मुले मागे ठेवून यावे लागले, आणि काहींना 'घरी' आणल्यावर घरच्यांनी दार उघडले नाही. आपल्या मुलींना सन्मानाने स्वीकारा, अशी विनवणी गांधीजी आणि नेहरूंना जाहीरपणे करावी लागली. ज्यांना कोणी नेले नाही त्यांच्यासाठी आश्रम उभे राहिले; जालंधरचा गांधी वनिता आश्रम हा त्यांपैकी एक.

उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपापल्या ग्रंथांत या स्त्रियांचा आवाज प्रथमच विस्ताराने नोंदवला. तोवर पन्नास वर्षे उलटून गेली होती. ते सारे पुन्हा वाचताना लक्षात आले की मीही त्या रात्री एक लहानशी 'पुनर्प्राप्ती मोहीम'च राबवली होती. हेतू शुद्ध होता आणि यंत्रणा कार्यक्षम होती, पण जिच्यासाठी मोहीम होती तिचे मत कोणीच घेतले नव्हते.

कायदा कोठून कोठे आला

या विषयावरील कायद्याचा इतिहास महाराष्ट्रातील वाचकांना परका नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. त्या पोलिसांना १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते, म्हणून तिची संमती गृहीत धरली गेली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या प्रकरणांत संमती नव्हती असे मानले जाऊ लागले आणि पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला. तो खटला आपण आजही तिच्या नावाने ओळखतो, हा त्यातला विरोधाभास. म्हणून ते नाव मी येथे लिहीत नाही.

२०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने अवघ्या महिनाभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये कायदा पुन्हा बदलला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितांनी त्या तरतुदी बहुतांशी पुढे चालवल्या आहेत. आज कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता, तक्रार नोंदवता येते. ती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. जबाब घरी किंवा पीडिता सांगेल त्या ठिकाणी, जवळच्या नातलगाच्या उपस्थितीत घेता येतो. तक्रार न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. 'दोन बोटांची चाचणी' हा अपमानास्पद प्रकार सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केला आणि २०२२ मध्ये, तो करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे बजावले.

कागदावर हे सारे भक्कम दिसते. पण २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदवले गेले, आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. दोषसिद्धीचे प्रमाण सुमारे २७ टक्के. याहून बोलकी आकडेवारी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. ज्यांनी मागितली त्यांनी प्रामुख्याने आपल्या माहेरच्या माणसांकडे. पोलीस, डॉक्टर आणि वकील फार मागे राहतात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. या देशातील न्यायव्यवस्थेचे पहिले दार पोलीस ठाण्याचे नाही, ते घराचे आहे. आई, बहीण, नवरा, भाऊ, मैत्रीण यांपैकी कोणीतरी पहिला श्रोता असतो. आपल्या धोरणाने ज्याचा सर्वांत कमी विचार केला आहे, असाही तोच.

पहिला दिवस

मला तेव्हा जे ठाऊक असायला हवे होते ते येथे नोंदवतो.

सर्वप्रथम ऐकावे. मध्ये प्रश्न विचारू नयेत. 'इतक्या उशिरा तिथे कशाला गेलीस', 'ओरडली का नाहीस', 'आधी का नाही सांगितलंस' हे प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते. ऐकणारीला मात्र तो आरोप वाटतो. प्रचंड भीतीच्या क्षणी शरीर गोठून जाते, आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. ही मेंदूची स्वयंचलित प्रतिक्रिया आहे, संमती नव्हे. १९७८ च्या निकालातली चूक आपण आपल्या बैठकीच्या खोलीत पुन्हा करायची नसेल, तर एवढे तरी समजून घेतले पाहिजे. आठवणी तुटक असणे, क्रम चुकणे, ती हसणे किंवा अगदी शांत असणे, यांपैकी काहीही खोटेपणाचे लक्षण नाही.

मग तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही. पुढे काय करायचे ते तू ठरव, मी सोबत आहे.

त्यानंतर माहिती द्यावी. ती तातडीची आहे, पण ती आज्ञेसारखी देऊ नये. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर घेतली जाईल तितकी परिणामकारक असते. आंघोळ थोडी लांबवली आणि त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवले, तर पुरावा टिकतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहून तो नष्ट होतो. पण तिने आंघोळ केली असेल तर तिला बोल लावू नये. तक्रारीचा अधिकार त्याने संपत नाही.

आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सज्ञान स्त्री तपासणीतील कोणत्याही टप्प्याला नकार देऊ शकते, आणि तिने तपासणी किंवा पोलीस तक्रार नाकारली म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. रुग्णालय पोलिसांना कळवते, परंतु तक्रार पुढे न्यायची नसल्यास तिचा तो निर्णय नोंदवून घेतला जातो. ही बाब अनेक डॉक्टरांनाही ठाऊक नसते. सोबत गेलेल्या माणसाला ती ठाऊक असली, तर बराच फरक पडतो.

एक महत्त्वाचा अपवाद येथे सांगितलाच पाहिजे. अठरा वर्षांखालील मुला-मुलींच्या बाबतीत २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे 'पॉक्सो'ने, माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. तेथे घरातल्या मोठ्यांना 'बघू, ठरवू' म्हणण्याची मुभा नाही, अत्याचार करणारा घरातलाच असला तरीही. मात्र मुलाला काय घडणार आहे ते त्याच्या भाषेत आधी सांगणे, तेथेही शक्य आहे आणि आवश्यकही.

नंतरचे महिने

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरले होते. तिसऱ्या महिन्यात कोणी विषयही काढत नव्हते. वास्तविक कठीण काळ तेव्हाच सुरू झाला होता. झोप लागत नव्हती. एका विशिष्ट साबणाचा वास आला की ती खोलीबाहेर जाई. नोकरीवर परतली, पण लिफ्टमध्ये परपुरुषासोबत उभी राहू शकत नसे. आम्ही तिला 'आता विसरून जा' म्हणत होतो. विसरायची गरज खरे तर आम्हाला होती.

या काळात पुरुष नातलगांकडून घडणारी एक चूक मी जवळून पाहिली. तिचा भाऊ रोज त्या माणसाला ठार मारण्याची भाषा करी. त्याचे प्रेम खरे होते, पण परिणाम असा झाला की, जिला सावरायचे होते तीच त्याला शांत करण्यात आपली उरलीसुरली शक्ती घालवू लागली. पुढे तिने त्याला काही सांगणेच सोडून दिले. संताप आपला असतो. तो तिच्यावर टाकू नये. त्यासाठी आपण वेगळा मित्र किंवा समुपदेशक शोधावा. सोबत करणाऱ्यालाही झोप, विश्रांती आणि बोलायला कोणीतरी लागते, हे मान्य करण्यात दुबळेपणा नाही.

दुसरा दबाव समेटाचा. आरोपी ओळखीचा असतो, त्यामुळे मध्यस्थ लवकर उगवतात: वडीलधारी मंडळी, पंचायत, कधी कधी लग्नाचा प्रस्तावही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि पुन्हा २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे की बलात्कारात तडजोडीला स्थान नाही. २०२० मध्ये एका उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना तक्रारदार स्त्रीकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि अशा अटी घालू नयेत असे सर्व न्यायालयांना सांगितले. न्यायासनाला जे सांगावे लागले, ते आपल्या घरातल्या बैठकांनाही लागू आहे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक. कधी ती जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलू लागते, औषधे साठवते, प्रिय वस्तू वाटून टाकते. तेव्हा विषय टाळू नये. 'जीव द्यावासा वाटतो का' असे सरळ आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. महिला मदतवाहिनीचा १८१, बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२.

शासनाने काय करावे

शासनाने काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईत वांद्रे येथील महापालिका रुग्णालयात २००० च्या सुमारास सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्राने, हिंसा सोसलेल्या स्त्रीला रुग्णालयातच समुपदेशन देता येते, हे दाखवून दिले. १ एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारची 'सखी' वन स्टॉप केंद्रे सुरू झाली. वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एकाच छताखाली मिळावा, ही त्यामागील कल्पना उत्तम आहे. पण केंद्र असणे आणि तेथे रात्री दोन वाजता प्रशिक्षित स्त्री कर्मचारी हजर असणे यांतले अंतर, जिल्हा चालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

माझ्या मते तीन सुधारणा तातडीच्या आहेत. पहिली, 'पॉक्सो' कायद्याखाली बालकाला तपास आणि खटल्याच्या काळात एक 'साहाय्यक व्यक्ती' मिळते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेकडे राज्यांचे लक्ष पुन्हा वेधले. सज्ञान पीडितेला असा हक्काचा सोबती नाही. तो असावा, आणि नकोसा वाटल्यास नाकारण्याचा अधिकारही असावा. दुसरी, तक्रार नोंदवतानाच कुटुंबातील एका व्यक्तीला, पीडितेच्या संमतीने, तासाभराचे मार्गदर्शन स्थानिक भाषेत मिळावे. मधुमेहाच्या रुग्णाच्या घरच्यांना आपण पथ्य समजावून सांगतो. येथे मात्र घरच्यांना सारे आपोआप कळेल असे गृहीत धरतो. तिसरी, तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडितेला कळवावी आणि आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवावा, असे संहिता सांगते. या मुदती किती प्रकरणांत पाळल्या गेल्या याची जिल्हावार माहिती दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. जे मोजले जात नाही त्याकडे कोणताही जिल्हाधिकारी लक्ष देत नाही. मीही दिले नव्हते.

आणि कायद्याने अजून ज्यांना पुरते पाहिलेले नाही, त्यांचाही उल्लेख हवा. पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती अद्याप बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. सज्ञान पुरुषावर अत्याचार झाला, तर जुन्या संहितेतील कलम ३७७ गेल्यानंतर त्याला नव्या संहितेत समकक्ष तरतूद नाही. या माणसांना तर घराच्या दाराशिवाय दुसरे दारच नाही.

साक्षीचे समन्स आले तेव्हा ते तिच्या नावाने आले होते आणि या वेळी तिनेच उघडले. मी विचारले, "बेटा, मी येऊ का?" तिने थोडा विचार केला. म्हणाली, "या. पण आत नको. बाहेर बसा." खटला बंद दाराआड चालणार होता. मी न्यायालयाच्या व्हरांड्यातील एका बाकावर साडेतीन तास बसून राहिलो. त्या दिवशी मी एकही दूरध्वनी केला नाही. ती बाहेर आली तेव्हा मला विचारावेसे खूप काही वाटत होते. मी फक्त पाण्याची बाटली पुढे केली आणि घरी जायचे की आणखी कुठे, एवढे विचारले.

"आधी चहा घेऊ," ती म्हणाली. मग आम्ही चहाला गेलो.